करपल्याचे उपकार

सूनबाईच्या स्वयंपाकाला घरात एकच चाहता होता, तो म्हणजे तिचे सासरे. गॅस मोठा करून दुसऱ्या कामाला लागायचं ही तिची खोड, त्यामुळे सगळंच करपायचं. नवरा काळे तुकडे ताटाच्या कडेला रचून ठेवायचा. सासूबाई, "ही कसली भाजी केलीस गं?" असं विचारायच्या, तेही खाऊन झाल्यावर. सासरे मात्र, म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे आणि पुन्हा ताट पुढे करायचे.

पण वाढणाऱ्याला ताटामागचा माणूसही दिसतो. सासऱ्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेव्हा तिने विषय काढलाच.

"बाबा, डॉक्टरकडे चला. इतकं खाताय आणि वाळत चाललाय."

"अगं पोरी, चार घास जास्त खाल्ले तर आजार होय?"

भूक हाच आजार निघाला तर आपला एकुलता एक चाहता जाणार, हे तिला कळत होतं. तरीही ती त्यांना घेऊन गेलीच.

डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली आणि झाकणाची एक डबी हातात ठेवली. इथून घराला कामच लागलं. सासूबाईंनी ती डबी फिनाइलने घासून काढली. "आपल्या घरातून जाणारी वस्तू, चार लोक उघडून बघणार!" तपासणीवाल्या बाईंनी वास घेताच डबी परत केली. फिनाइल लागलेल्या नमुन्यात काही दिसत नाही म्हणे.

दुसऱ्या वेळी सासरेच अडून बसले. "हॉर्न वाजवला की गाडी सुटते का?" मुलाला बापाची दया आली आणि त्याने गुपचूप एरंडेल पाजलं. गाडी सुटली ती थांबेचना.

"हा तर नुसता तेलाचा डबा आहे," तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. "आता पोट ठिकाणावर आलं की या."

तिसऱ्या वेळी सूनबाईने पदर खोचला. एरंडेल कपाटात कुलूपबंद केलं, सासूबाईंना शेजारी गप्पांना धाडलं आणि स्वतः न्हाणीघराबाहेर पहाऱ्याला बसली. त्या नादात गॅसवरची डाळ करपली, पण नमुना मात्र अस्सल मिळाला.

रिपोर्ट ऐकायला सगळं घर डॉक्टरांसमोर हजर झालं.

"पोटात चपटा जंत आहे, पट्टीसारखा लांब," डॉक्टर म्हणाले. "गोळीने जाईल, घाबरू नका. पण हा कच्च्या मांसातून येतो. घरी स्वयंपाक कोण करतं?"

सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे हे पाप आपल्याच हातचं! तेवढ्यात सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"हिच्या हातचं कच्चं? काहीतरीच काय बोलताय, डॉक्टर! लग्न होऊन आल्यापासून एक पदार्थ करपल्याशिवाय चुलीवरून उतरवलेला नाही हिने!"

"खरंय," नवरा म्हणाला. "मी साक्षीला आहे."

आयुष्यात पहिल्यांदा सासूने तिची बाजू घेतली होती. सूनबाईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

आता सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. सासरे छताकडे बघू लागले.

"गॅरेजवाल्या मित्राकडे जातो अधूनमधून," ते शेवटी पुटपुटले. "निखाऱ्यावर नुसतं शेकवतो तो. आतून मऊ राहतं."

"माझं करपतं म्हणून जायचात, बाबा?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "हो गं."

"आजोबा," डॉक्टर म्हणाले, "या सूनबाईंनी लक्ष ठेवलं म्हणून लवकर सापडलं. आणि घरातले बाकीचे वाचले तेही त्यांच्या गॅसमुळे."

गोळी लागू पडली. काही दिवसांनी सासरे एका वाढीतच थांबले. भाजीचं पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली. गेला चाहता, तिला वाटलं. पण माणूस राहिला, हे काय कमी आहे?

सासऱ्यांनी वर पाहिलं. "इतके दिवस जेवत होता तो दुसराच. चव बघायला त्याने मला सवड कुठे दिली? आज मी जेवलो."

"मग कशी झालीय?"

"करपलीय," सासरे म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ थोडी. खालची, काळी."