शाणूमामांच्या मांड्या

लग्नाच्या पंगतीत शाणूमामांनी खिशातून उकडलेलं अंडं काढलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. लग्न देवळाच्या सभागृहात, त्यामुळे जेवण शिवराक, म्हणजे शाकाहारी. नुस्त्याचा, मासळीचा, वाससुद्धा वर्ज्य. पानात भात, वरण, भाज्यांचं खतखतं, गोडाला मणगणं. मामांनी जेवायला हात लावायच्या आधीच आपल्या भाताचा ढीग माझ्या पानात सरकवला, खतखत्यातले सुरणाचे तुकडे वेचून तेही माझ्याकडे पाठवले, आणि रुमालात गुंडाळलेलं अंडं शांतपणे सोलायला घेतलं.

वाढपी वरणाचं भांडं हातात धरून जागीच थांबला. नवरीचे आजोबा समोरच्या रांगेतून उठले.

"शाणू, देवळात बसलंस तू."

"देवळात नाय, हॉलात," मामा म्हणाले. "आणि ह्येच्यात कार्ब नाय."

कार्ब हा शब्द आमच्या गावात शाणूमामांनी आणला. त्याआधी आमच्याकडे भात होता, पाव होता, पेज होती. लोक सुखी नसले तरी निदान पोटभर होते. आता गाड्यावर भजी उचलतानासुद्धा माणसं एकमेकांकडे चोरून बघतात.

आमचं गाव डिचोलीच्या बाजारापासून फार लांब नाही. मिसरूड फुटल्यापासून मामांनी खाणीवरचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर तो ट्रक दारातल्या फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. मी त्याच सुमारास पत्रकं काढायला लागले. धुळीविरुद्ध काढली, तळ्यात उतरणाऱ्या लाल गाळाविरुद्ध काढली, मग ट्रकवाल्यांना भरपाई द्या म्हणूनही काढली. त्यामुळे गावात मला शिव्या देताना दोन्ही बाजूंचं एकमत असतं. हल्ली मीटिंगला पाच माणसं आली तर मी तिला सभा म्हणते. थकवा येतो, पण गप्प बसायचा त्याहून जास्त येतो.

अशा दिवसांत सगळा गाव बसून खंगत असताना, पंचावन्न उलटलेले शाणूमामा मांड्या कमवायला लागले.

सुरुवात चुकली. मोबाईलवर कोणीतरी सांगितलं होतं, भात सोडा, स्नायू वाढवा. मामांनी सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ सोडले आणि उकडे चालू ठेवले. त्यांचं शास्त्र असं: "उकडो तांदूळ म्हणजे गिरणीतच एकदा उकडून इल्लो. कार्ब सगळो त्या पाण्यात गेलो. ऱ्हवला तां प्रोटीन." हे इतक्या ठामपणे सांगितलं की अर्ध्या वाडीने मान डोलावली. महिनाभर मामा उकड्या तांदळाच्या थाळ्यामागून थाळ्या प्रोटीन म्हणून जेवले आणि पोट ट्रकच्या बॉनेटसारखं पुढे आलं. शेवटी डिचोलीच्या जिमवाल्याने त्यांचं जेवण ऐकून कपाळाला हात लावला. मामांनी गावाची माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणाले, "तांदळान फसवल्यान माका."

त्या दिवसापासून भात बंद. पाव बंद. सकाळी पाववाल्या पदेराचा भोंगा वाजला की मामा आत जाऊन दार लावून घेत. जेवणात बांगडे, तारले, अंडी, पालेभाजी. माशांच्या हुमणातलं खोबरं चालतं की नाही यावर त्यांचा आणि जिमवाल्याचा आठवडाभर वाद. सोमवारी नुस्तं नाही, त्यामुळे सोमवारी त्यांच्या वाटेला कोणी जात नसे.

पण जिममध्ये ते टिकले नाहीत. "आरसेच आरसे. तोंड बघूक गेल्लंय मी?" मग त्यांनी घरीच सोय केली. फणसाखालच्या ट्रकचे कमानीचे पाटे एकेक करून काढले, काथ्याने बांधून एका जाड बांबूच्या मधोमध टांगले. बांबूचं पुढचं टोक मामांच्या उजव्या खांद्यावर, मागचं गुरुदासच्या. गुरुदास म्हणजे त्यांच्या ट्रकवरचा जुना क्लीनर, आता स्वतःचं गॅरेज आहे, चाळिशी आली, तरी मामांनी हाक मारली की "आयलों" म्हणून धावतो. दोघं फणसाला फेऱ्या मारत. मग मामा थांबत आणि बांबू खांद्यावर तसाच ठेवून, पाठ ताठ धरून, हळूहळू खाली बसत. बूड जमिनीला टेकायचं नाही. तसंच अधांतरी थांबायचं, मांड्या थरथरेपर्यंत.

"इतकी वर्सां ट्रकान माका व्हेलो," मामा मला म्हणाले, "आता मी ट्रकाक व्हरतंय. सुटो सुटो करून."

"मामा, माझा गुडघा," गुरुदास मागून.

"पाव खातंस तू. गुडघ्यात पाव भरलो आसा तुझ्या."

हे खरं होतं. गुरुदास गॅरेजच्या मागे उंडे पाव लपवून खायचा, हे मला माहीत होतं.

मामांची जगाची वाटणी साधी झाली. मंत्र्याचं भाषण ऐकून ते म्हणाले, "निव्वळ मैदो." माझं एक पत्रक त्यांनी चष्मा लावून पुरतं वाचलं आणि परत दिलं. "गे बाय, कार्ब जास्त झाला ह्येच्यात. 'जुलमी', 'निर्लज्ज', 'रक्तपिपासू'. फुगता, ताकद येय ना. प्रोटीन खंय आसा?" मी भांडले. घरी येऊन मात्र 'रक्तपिपासू' खोडला.

आता त्यांच्या घराबद्दल सांगते. घर जुनं, रस्त्याला लागून, आणि आता रस्त्याच्या खाली. आधी खनिजाच्या ट्रकांसाठी रस्त्यावर थरावर थर चढले, मग निवडणुकांसाठी. घर होतं तिथंच राहिलं. रस्त्याकडची खिडकी एके काळी माणसाच्या छातीशी होती, ती आता गुडघ्याशी आली आहे. यावरही मी पत्रक काढलं होतं. कोणी वाचलं नाही.

त्या खिडकीच्या आत, खाटेवर, सुलोचनामामी असते. दोन पावसाळ्यांमागे तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, तोंड जरा वाकडं झालं. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर आली नाही आणि मामांशिवाय कोणाला आत घेतलं नाही. व्हीलचेअर आणते म्हटलं तर खिडकीच्या फळीआडून म्हणाली, "बस तू तेच्यार. लोकांक बघूक काय तरी नवां होयाच आसा." जीभ जड झाली होती, धार गेली नव्हती. मामा तिला सकाळी पेज भरवत, चमच्याने, आणि चमचासुद्धा चाटत नसत. "तुमचां कार्ब मरो," असं तिचं म्हणणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, हे गावाला पाठ होतं. पालखीच्या पुढच्या खांद्यासाठी.

आमच्या देवीची पालखी लहान, एका दांडीची. पुढे एक माणूस, मागे एक. जत्रेच्या दिवशी ती दारोदार फिरते, बायका आरत्या घेऊन येतात, आणि देवळातून निघाली की परत देवळात पोचेपर्यंत जमिनीला टेकत नाही. टेकली तर गावावर संकट, असं मानतात. पुढचा खांदा मानाचा. तो शाणूमामांच्या घराण्याकडे होता. मागच्या जत्रेत तो गेला. बरोबर स्वतःच्या घरासमोर मामांचे गुडघे अचानक वाकले, पालखी एका बाजूला कलली, चार जणांनी झेप घेऊन सावरली म्हणून. लोक म्हणाले, घेतलेली होती. मामा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. देवस्थान समितीने मान काढून अध्यक्षांच्या पुतण्याला दिला.

मला यात मामांची कीव आली नाही. हे मानाचे खांदे, मानाचे नारळ, अमक्याच्या घराण्याची पहिली आरती, हे सगळं मोडलं पाहिजे असं मी तेव्हाही लिहीत होते, आजही लिहिते. एक शहाणा माणूस एवढ्याशा मानासाठी भात सोडतो, याचा मला संतापच यायचा. म्हणून जत्रेआधी मी पत्रक काढलं: 'पालखीचा खांदा कोणाच्या बापाचा?' यात प्रोटीन होतं. अध्यक्षांना ते लागलं.

त्यांनी मला देवळापुढच्या मांडावर बोलावलं. "बापाचो काढलंस ना? बरां. कोणाच्याच बापाचो नाय. येऊं देत सगळे. जो पेलात, तेचो."

"बायकासुद्धा?" मी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे मी खिशातून अंडं काढल्यासारखं पाहिलं. मामाच म्हणाले, "पयलीं खाली बसून उठून दाखय, मगे भांड." मी बसले. उठताना गुरुदासने हात दिला. तो मुद्दा मी सोडलेला नाही, पुढच्या वर्षी तयारीने मांडीन.

रिकाम्या पालखीत नारळांची पोती ठेवली आणि एकेकाने, मागे आपला जोडीदार घेऊन, देवळाला प्रदक्षिणा घातली. पुतण्या भराभर गेला, धापा टाकत आला. आणखी दोघं अर्ध्यातच थांबले. मागे गुरुदासला घेऊन मामा सावकाश गेले आणि दीपस्तंभासमोर उभे राहून, पोत्यांसकट, अधांतरी खाली बसले. पालखी जमिनीच्या वीतभर वर.

मांड हसला. कोणीतरी ओरडलं, "मामा, जागा चुकली."

मामा तितक्याच सावकाश उठले. खांदा त्यांचा झाला.

पुढे आठवडाभर खांदेकऱ्यांना नुस्तं आणि अंडं बंद. देवीचा नेम. मामांच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. "सगळां कमवलेलां वितळून जातला," असं म्हणत त्यांनी भिजवलेले कुळीथ, वाल आणि शेंगदाणे खायला सुरुवात केली. दोन दिवसांनी खिडकीतून मामीचा आवाज आला, "गे बाय, तो फणसाखालचो ट्रक विकून टाका म्हणून सांग. आता घरातच ट्रक सुरू झालो आसा."

जत्रेच्या दिवशी उन्हं कलताना पालखी आमच्या वाडीवर आली. मी रस्त्याच्या कडेला गटारासंबंधीची पत्रकं घेऊन उभी होते. तिसऱ्या माणसाने पत्रकाचीच पुडी करून चणे घेतले, तेव्हा मी वाटणं थांबवलं. पुढे मामा, मागे गुरुदास. मामांच्या घरासमोर एरवी पालखी नुसती थबकून पुढे जाते. आरती घेऊन बाहेर येणारं कोणी नाही.

खिडकीची फळी उघडी होती. ती मी दोन पावसाळ्यांत अशी सताड उघडी पाहिली नव्हती.

मामा थांबले, कडेला खिडकीच्या बाजूला सरकले आणि खाली बसू लागले. गुरुदास शिव्या पुटपुटत मागून तसाच खाली गेला. ढोलवाल्याचा हात थांबला. अध्यक्ष म्हणाले, "शाणू, उचल. उचल बघूया." मामांनी ऐकलं नाही. पालखी खाली येत येत बरोबर खिडकीसमोर थांबली. जमीन वीतभर खाली. आणि मागच्या वर्षी त्यांचे गुडघे कशासाठी वाकले होते, ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम कळलं. खाटेवरून दिसणार ते रस्त्यावरच्या लोकांचे पाय. देवी खांद्यावर, फार वर.

मामांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्यांनी खिडकीकडे न बघता विचारलं, "दिसता?"

आतून उत्तर आलं, "फुलांनी तोंड झाकलां तिचां."

भटजींनी घाईने हार बाजूला केला.

"हां. दिसली."

मामा उठायला लागले.

"ऱ्हवा मात्शे."

मामा पुन्हा खाली बसले. मांड्या धोतरासकट थरथरत होत्या. मला आतलं दिसत होतं. मामीचा डावा हात चादरीवरून सरकत उजव्या हातापाशी गेला, त्याला मनगटाला धरून उचलायला लागला, तो निसटून पडला, डाव्याने पुन्हा धरला, छातीपर्यंत आणला, आणि बोटं एकेक करून सरळ करत तळव्याला तळवा लावला. याला वेळ लागला.

मग आतून आवाज आला, "झालां. जावा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्याच्या उंचीच्या अर्जावर सही घ्यायला गेले. मामा पायरीवर बसून पेज खात होते. दुसऱ्या हातात पोळी, म्हणजे पदेराकडचा कोंड्याचा पाव, अजून गरम. पाय समोर लांब पसरलेले, वाकत नव्हते.

"आज कार्ब?"

"आज सुटी. तिणां सांगल्यान." त्यांनी अर्ज वाचला, एक विशेषण नखाने दाखवलं, सही केली. मग दारातून वर, रस्त्याच्या कडेकडे बघत राहिले.

"पावसाच्या आधी डांबराचो आणखी एक थर घालतले म्हणतत. खरां?"

"अर्ज देतोय ना आपण."

"तू दी," मामा म्हणाले. वाटी पायरीवर ठेवून त्यांनी फणसाकडे हाक मारली. "गुरुदास. उद्यापासून आणखी चार बोटां खाली."