सासूबाईंच्या डुलकीची मालकी

आमच्या घरात ब्लॉकचेन समजलेला एकमेव माणूस म्हणजे मी! हे मी छाती फुगवून सांगतो. बायकोला मी तीनदा समजावलं, तिने तीनदा कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. मांजराला समजावायला गेलो, तर ते अंग ताणून उठलं आणि सरळ सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसलं.

मला हे ज्ञान दिलं आमच्या हिशेबनिसाने. मी नळ, शॉवर आणि कमोड विकणाऱ्या शोरूममध्ये काम करतो. तिथे त्याला सगळे ‘गेंडा’ म्हणतात. कातडीमुळे नाही. जेव्हा साऱ्या जगाला डिजिटल चित्रांचं वेड लागलं होतं, तेव्हा त्याने एका पिवळ्या गेंड्याच्या चित्राची मालकी घेतली होती. आता तो गेंडा फुकट देतो म्हटलं तरी लोक विषय बदलतात. पण ह्याची श्रद्धा काही ढळत नाही!

“बाजार पडलाय, कल्पना नाही पडली!” तो म्हणाला. “उद्या घराचे कागद, गाण्यांचे हक्क, शाळेचे दाखले, सगळ्यांची मालकी अशीच नोंदवणार. एकच नोंद हजारो कॉम्प्युटरांवर! कुणाला बदलता येत नाही, कुणाला खोडता येत नाही!”

मी भारावलो. आपल्याकडेही जगाने मालकीहक्क मागावा असं काहीतरी असलंच पाहिजे, असं मला वाटायला लागलं.

ते मला रविवारी दुपारी दिसलं. सोफ्यावर सासूबाई झोपल्या होत्या. मान मागे टाकलेली, तोंड गुहेसारखं उघडं, चष्मा कपाळावर, पोटावर मांजर, आणि मांजराचंही तोंड उघडं! दोघांचा श्वास एका तालात. मी फोटो काढला, ‘शांतता’ असं नाव दिलं, गेंड्याला फोनवर विचारत विचारत फोटोच्या मालकीची नोंद केली आणि विक्रीला ठेवला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या शाळेत वर्गात डुलकी घेण्याची हिंमत भिंतीवरच्या पालीलाही नव्हती.

बुधवारी जेवताना माझा फोन वाजला. पाहिलं आणि मी ताटावरून उडालोच!

“आई! तुम्ही विकल्या गेलात!”

सासूबाईंचा घास हवेत थांबला. बायकोने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“काय म्हणालास?” तिने विचारलं.

“म्हणजे आई नाही, आईंचा फोटो! फोटोही नाही, फोटोच्या मालकीची नोंद!”

“दाखवा,” सासूबाई म्हणाल्या. हाच आवाज ऐकून म्हणे एकेकाळी चौथीचा अख्खा वर्ग रडला होता. मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा लावून पाहिला.

“हे जगात कुणालाही दिसतं?”

“हो! फुकट!” मी उत्साहाने म्हणालो.

“खोडून टाका.”

“खोडता येत नाही, आई. तीच तर त्याची गंमत आहे!”

“गंमत?” त्या उभ्या राहिल्या. “मला विचारलंत? माझे विद्यार्थी आज जज आहेत, सर्जन आहेत. त्यांनी माझ्या पडजिभेचं दर्शन घ्यायचं? मी धाकटीकडे राहायला जाते!”

आणि खरंच बॅग काढली! बायको ओरडली असती तर परवडलं असतं. “आई गेली, तर तू कुठे राहायचं ते ठरवून ठेव,” ती शांतपणे म्हणाली.

मी बाल्कनीत जाऊन गेंड्याला फोन लावला.

“विकत घेणाऱ्याकडून परत विकत घे,” तो म्हणाला. “नाहीतर माझा गेंडा देतो बदली म्हणून.”

मी घेणाऱ्याला विनवणीचा संदेश पाठवला. त्यात चूक, पश्चात्ताप, सासूबाई, बॅग, सगळं लिहिलं. उत्तर आलं ते वाचून मी धावत आत गेलो. सासूबाई बॅगेची चेन लावत होत्या.

“आई, हे एकदा वाचा. मग जा.”

उत्तर एका निवृत्त भूलतज्ज्ञ बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, “आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि आता माझाच डोळा लागत नाही. गोळ्या झाल्या, पुस्तकं झाली. परवा हा फोटो दिसला. इतकं निश्चिंत झोपलेलं माणूस मी ऑपरेशन टेबलावरसुद्धा पाहिलं नव्हतं! बघता बघता मला जांभई आली. म्हणून घेतला. पण बाईंना आवडत नसेल, तर परत करते. त्यांना सांगा, त्यांच्यामुळे मी झोपले.”

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. मग पलंगाच्या कडेला बसल्या.

“परत देतीलही, पण मुळात त्यांनी घेतलं काय?” त्यांनी विचारलं. “फोटो तुमच्या फोनवर. बघायला सगळं जग मोकळं. तोंड माझं.”

“त्यांनी... म्हणजे... नोंद,” मी म्हणालो. ब्लॉकचेन समजलेल्या एकमेव माणसाला घाम फुटला होता.

“म्हणजे वर्ग त्यांचा नाही, बाक त्यांचा नाही, हजेरीपटावर नाव तेवढं त्यांचं!”

“अगदी तसंच!” गेंड्याने हे इतकं सोपं करून कधीच सांगितलं नव्हतं.

“हं. शाळेचे दाखले असे निघाले असते, तर खोट्या दाखल्यांची कटकट वाचली असती,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग फोन माझ्या हातात दिला. “लिहा. राहू दे म्हणावं फोटो. आणि झोपण्याआधी चहा घेऊ नका म्हणावं.”

बायकोने बॅग उचलून पुन्हा कपाटावर ठेवली. माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा, थोडंसं.

त्यानंतर दोघी बायकांचं असं काही जमलं, की आता रोज संध्याकाळी फोनवर गप्पा असतात. मध्ये सासूबाईंनी केस सेट करून, मोत्यांची माळ घालून जागेपणीचा एक फोटोही विक्रीला ठेवला. तो कुणी घेतला नाही. त्याचा दोष अर्थातच माझ्या फोटोग्राफीला!

गेल्या रविवारी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“आता तुमचा फोटो. मी विचारून काढते आहे, हे लक्षात घ्या.”

मी आनंदाने तयार झालो. दाढी केली, भांग पाडला, सोफ्यावर कलात्मक आडवा झालो, ओठांवर हलकंसं स्मित ठेवून डोळे मिटले. सासूबाईंनी नोंद स्वतः केली, गेंड्याला न विचारता! नाव दिलं, ‘जावई’. आणि पहिल्यांदा दाखवला तो भूलतज्ज्ञ बाईंना.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी सहज विचारलं, “काय म्हणाल्या?”

सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि निकाल वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं:

“फोटो पाहिला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कृपया पुन्हा पाठवू नये.”