तातूंचा सांगितलेला नारळ

आमचे शेजारी तातू बांगडे घेतात, पण पैसे मासेवाल्या रोझीला देत नाहीत. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून माझ्या हातात देतात. "गो बाय, ठेव तुझ्याकडे. कालवण पोटात जावंदे, पोट गप रवांदे, मगे दी तिका." रोझी पाटी उचलत ओरडते, "मेल्या, पोट दुखला तर बांगडो परत घेव की काय मी?" पैसे माझ्याकडे, म्हणून दोघांच्या शिव्याही माझ्याकडे.

तातू एसटीत कंडक्टर होते. सगळा जन्म कणकवली डेपोत, सुटे पैसे तिकिटामागे लिहून देण्यात गेला. प्रत्येक प्रवाशाला वाटे, हा बुडवणार. तेव्हापासून यांचं एकच तत्त्वज्ञान: "पैसो देणाऱ्याकडे नको, घेणाऱ्याकडे नको. मधी होयो." न्हाव्याचे पैसेसुद्धा मधे. केस सुकून नीट बसले की मग.

मी शिरोड्यात घरी बसून अ‍ॅप बनवते. माझं नवं अ‍ॅप रोज दुपारी माझ्याच आवाजात विचारतं, "गोळी घेतली काय?" ते अ‍ॅपच्या ऑनलाइन दुकानात चढवण्याआधी काही माणसांनी रोज वापरून बघावं लागतं. आगाऊ पैसे दिले तर ही माणसं पळतात. मागाहून देते म्हटलं, तर त्यांना वाटतं मीच पळेन. म्हणून पैसे तिसऱ्याच्या खात्यात अडकवायचे आणि काम झाल्यावर सोडायचे. त्याला एस्क्रो म्हणतात.

मला एक माणूस कमी पडत होता. तातूंना हे सांगितलं आणि ते उडालेच. "म्हंजे देवाम्होर सांगून ठेवलेलो नारळ! काम झाल्याबिगर देवानय खावचो नाय, आपणय नाय. घाल माझा नाव!"

त्यांना रोग एकही नाही. मग गोळी म्हणून गुळाचा खडा.

परीक्षकाने रोज चुका कळवायच्या असतात. तातूंनी कळवल्या. "काल घेतलंय म्हणान सांगलंय, तरी आज परत इचारता. इतको अविश्वास?" दुसऱ्या दिवशी: "गोळी इचारता. जेवलास काय, ह्यां कोण इचारतलो?" मी पोट धरून हसले.

मुदत संपली. बाकीच्यांनी 'काम पूर्ण' दाबलं, पैसे घेतले. तातू काही दाबेनात. त्यांनी दाबल्याशिवाय परीक्षा मिटेना आणि माझं अ‍ॅप दुकानात जाईना. आज नेट नाय, उद्या आवाज फाटता, परवा बोट ओला आसा! माझं डोकं फिरलं. भर दुपारी त्यांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिले. "तातूनू, नारळ कुजवणार काय?"

एवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन बोलला, "गोळी घेतली काय?"

तातूंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि फोनला प्रेमाने म्हणाले, "घेतलंय गो बाय, घेतलंय."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काम पुरा झालां की तां इचारूचा बंद होतला मां? तुझी काकी गेली, तेच्यानंतर ह्या घरात माका कोणी कायेक इचारूक नाय."

माझा राग कुठच्या कुठे गेला. रडूच आलं. इतके दिवस मी नुसती हसत होते.

"बंद नाय होणार," मी म्हटलं. त्यांनी बराच विचार केला आणि अंगठा दाबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गडग्यावरून हाक मारली, "तातूनू, जेवलात काय?"

आतून संशयाने, "ह्येचे पैसे खंय ठेवलंस?"

"खंयच नाय."

आतून भांडं सरकल्याचा आवाज.

"मगे थंय काय उभी रवलंस? जेवक ये. बांगडे आसत." आणि जरा थांबून, "रोझीचे पैसे तिच्याच हातात दिलंय. खावच्या आधी."