आजोबा, लेझर आणि टिंगीचा पाय

"मुलांना नीट समजावून सांगितलं की मुलं घाबरत नाहीत. तू निवांत कामावर जा, टिंगीला मी नेतो," असं गुरुजींनी सुनेला छातीठोकपणे सांगितलं. अडतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला एका नातीचं काय अवघड!

टिंगीच्या नव्या दाढेवर हिरडीची टोपी बसली होती. जेवताना ती चावली जायची आणि गाल फुगायचा. दातांच्या डॉक्टरीणबाई ती लेझरने काढणार होत्या. पण मागच्या खेपेला टिंगीने तोंडच उघडलं नव्हतं. आज जमलं नाही तर मोठ्या इस्पितळात नेऊन पूर्ण भूल द्यावी लागणार होती. भुलीची सुनेला फार धास्ती होती. खरं तर गुरुजींनाही, पण ते कुणाला कळू देत नसत.

त्यांनी आठवडाभर आरामखुर्चीवर सराव घेतला. लेझर म्हणून टॉर्च आणि डोळ्यांवर दोघांच्याही गॉगल. दुखलं तर हात वर करायचा, हा नियम तर टिंगीने झोपेतही सांगितला असता.

दवाखान्यात टिंगी ऐटीत खुर्चीवर चढली. डॉक्टरीणबाईंनी हिरडीला बधिर करणारं जेल लावलं, सगळ्यांना रंगीत चष्मे दिले आणि गुरुजींना म्हणाल्या, "तुम्ही पायाशी थांबा. धीर द्यायला पाय धरलात तरी चालेल."

गुरुजींनी घोटा धरला. लेझरची बारीक टिकटिक सुरू झाली, आणि टिंगीचा हात वर!

डॉक्टरीणबाई थांबल्या. टिंगी काही सांगू पाहत होती, पण तोंडात थुंकी ओढणारी नळी. वर्गात हात वर झाला की शंका असणार, ही गुरुजींची जन्माची सवय. त्यांनी लगेच लेझर म्हणजे एका रांगेत शिस्तीत चालणारा प्रकाश, हा धडा घेतला. जेल पुन्हा लागलं. टिकटिक, आणि पुन्हा हात वर. आता लेझरने कापलं तरी रक्त का येत नाही, हा धडा झाला. तिसऱ्यांदा हात वर गेला तो थेट दिव्याला लागला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. हिला सहन होत नाहीये, इस्पितळातच करावं लागेल, असं त्या हळूच म्हणाल्या. गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. सुनेला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात टिंगीने तोंडातली नळी स्वतःच बाजूला केली. "आजोबांना बाहेर बसवा. मग करा."

गुरुजी निमूट बाहेर आले. ज्या मुलांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं, ती सगळी त्यांना एकदम आठवली. चार मिनिटं झाली असतील. दार उघडलं आणि टिंगी हसत, पण लंगडत बाहेर आली.

"झालं? एकदाही हात वर केला नाहीस?" त्यांनी विचारलं.

"दुखलंच नाही," टिंगी म्हणाली. "मघाशी तर पाय दुखत होता. केवढा घट्ट धरला होता तुम्ही!"

मागोमाग आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी पुढे केली. "हिरडी छान आहे, तिला दोन दिवस मऊ खाणं पुरे. हे मलम घोट्यासाठी."

गुरुजींनी टिंगीला पाठंगुळीला घेतलं आणि घर येईपर्यंत कसलाही धडा घेतला नाही.