इनास सरांची हजेरी

इनास सर सिनेमातल्या माणसांची हजेरी घ्यायचे. हे मी शब्दशः सांगते आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही उघडायची, डाव्या हातात पेन धरायचं, टीव्हीसमोर खुर्ची तिरकी टाकून बसायचं आणि पडद्यावर रणगाडे धडधडत असताना शांतपणे विचारायचं, "अकरा नंबर?" मग वर्गातल्या अकरा नंबरच्या मुलाने उठून सांगायचं, "हजर, सर. खांबामागे उभा आहे. हातातली बादली खाली ठेवली." सर वहीत टिक करायचे. "बारा नंबर?" "सर, बाराव्याच्या अंगावर भिंत पडली." सर पेन थांबवून विचारायचे, "पूर्ण?"

पापडी गावातल्या आमच्या शाळेत नव्वदनंतरच्या त्या वर्षांमध्ये दहावीच्या इतिहासाला जग होतं. दोन महायुद्धं, क्रांत्या, नुकतीच पडलेली बर्लिनची भिंत. पुस्तकात हे सगळं कारणे आणि परिणाम अशा दोन रांगांत उभं असायचं. इनास सरांना ते पुरेसं वाटत नसे. शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासांना ते चर्चच्या सभागृहातला टीव्ही आणि व्हीसीआर मागून आणायचे. चाकांच्या टेबलावरून टीव्ही ढकलत येणारे सर, आणि मागून वायर उचलून चालणाऱ्या दोन मुली, अशी ती मिरवणूक असे.

सिनेमा सुरू होण्याआधी वाटप व्हायचं. प्रत्येकाला एक माणूस. नायक कोणालाच मिळायचा नाही, सेनापतीही नाही. "त्यांचं पुस्तकात आहे," सर म्हणायचे. "चार मार्कांना आहे. आपण बाकीचे बघू." बाकीचे म्हणजे मागचे. खंदकात चहा ढवळणारा, स्टेशनवर पेट्या उचलणारा, राजवाड्याच्या दारात झाडू घेऊन उभा असलेला. तो पडद्यावर असेपर्यंत आपण फक्त त्याच्याकडे बघायचं, आणि तो गेला की वहीत लिहायचं, पुढे त्याचं काय झालं असेल.

माझा हजेरीपटावरचा नंबर तेवीस. मला एकदा पावाच्या रांगेत उभी असलेली बाई मिळाली होती. हातात जाळीची पिशवी, पायात पुरुषाचे बूट. दोन तासांच्या सिनेमात ती जेमतेम पाऊण मिनिट होती. त्या सिनेमाचं नाव मी विसरले, त्यातलं युद्ध कोणी जिंकलं तेही चटकन आठवत नाही. बूट आठवतात. बर्लिनची भिंत पडली तेव्हाची चित्रफीत सरांनी दाखवली, त्यात सगळे नाचत होते. माझ्या वाट्याला आलेला म्हातारा विटांचा चुरा झाडत होता. आज मी स्वतः इतिहास शिकवते, पण विसावं शतक म्हटलं की आधी तो झाडूच दिसतो.

वर्गात सात नंबरचा एक मुलगा होता, बोलायला पटाईत. तो एकदा म्हणाला, "सर, हे सगळे नट असतात. शूटिंग संपलं की जेवायला गेले असतील."

"गेले ना," सर म्हणाले. "पोटभर जेवले. पण ते ज्याचं काम करत होते, तो कुठे गेला?"

सात नंबर खाली बसला. त्या वर्षात तो इतका चटकन खाली बसल्याचं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

परीक्षेतही सरांचं हेच. पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा, आणि त्याखाली: खंदकातल्या चहावाल्याचे बूट कोणी शिवले असतील? मुख्याध्यापिका सिस्टरनी त्यांना वर्गाच्या दारातच विचारलं, "इनास, बोर्डात हे विचारणार आहेत का?"

"नाही, सिस्टर. म्हणून तर मी विचारतो."

सर डावखुरे होते. फळ्यावर लिहिताना मागून येणारी बाही लिहिलेलं पुसत जायची, त्यामुळे तहावर सह्या होईपर्यंत युद्धाची सुरुवात बाहीवर गेलेली असे. लग्न केलेलं नव्हतं. पापडीत चर्चमागच्या घरात थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. सायकल, खाकी पिशवी, पिशवीत ती लाल वही. सिनेमा बघताना एक प्रश्न ते हटकून विचारायचे, "मागच्यांत डावखुरा कोण आहे, बघा बरं." कोणी दिसला की खूश व्हायचे. आम्हाला वाटायचं, जातभाई शोधतात.

आता एक नंबरची गोष्ट. आमच्या वर्गातल्या एक नंबरला, आग्नेसला, कधीच माणूस मिळायचा नाही. "एक नंबर माझ्याकडे," सर म्हणायचे. तिला व्हीसीआरचं बटण दाबायचं काम. शुक्रवारी कोणताही सिनेमा असो, आधी पाच मिनिटं एक जुनी कॅसेट लागायची. सरांच्या कुवेतला गेलेल्या एका विद्यार्थ्याने पाठवलेली, दुसऱ्या महायुद्धाची खरीखुरी चित्रं. एका बंदरात जहाज लागतं, सैनिक शिडीवरून उतरतात, बँड वाजतो. सैनिक उतरता उतरता सर म्हणायचे, "थांबव," आणि आग्नेस बटण दाबायची.

पडद्यावर नुसत्या मुंग्या. पांढऱ्या-काळ्या, खरखरणाऱ्या. कॅसेट त्या जागी पार खराब झाली होती. सर त्या मुंग्यांकडे मिनिटभर बघायचे, "एक नंबर," असं हळूच म्हणायचे आणि वहीत टिक करायचे.

"सर, मुंग्या हजर?" सात नंबरने विचारलं.

"हजर," सर म्हणाले. "चल, पुढे लाव."

आम्ही घरी जाताना त्यावर पोट धरून हसायचो. पण आम्हाला सरांची कीवही यायची. एवढा प्रेमाने शिकवणारा माणूस आणि त्याची कॅसेट अशी. म्हणून दहावीच्या निरोप समारंभाला सरांना काय द्यायचं, याची चर्चा निघाली तेव्हा सात नंबर म्हणाला, "माझ्या मामाची व्हिडिओ लायब्ररी आहे. तो खराब पट्टी कापून मस्त जोडून देतो. कळणारसुद्धा नाही."

आग्नेसने सभागृहाच्या कपाटातून कॅसेट काढली. मामाने मुंग्या कापल्या. आम्ही कॅसेटला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला आणि समारंभात सगळ्यांसमोर सरांना दिली. सर संकोचले, हसले, तिथेच लावली. सैनिक उतरू लागले. सर सवयीने म्हणाले, "थांब..." आणि तेवढ्यात बँड वाजायला लागला. मध्ये काहीच नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सर टीव्हीकडे बघत राहिले. मग वळून म्हणाले, "छान. आता कसं सरळ चालतंय." सगळ्यांना वडा आणि वेफर्स दिले गेले. मी ताटली घेऊन जात होते, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तेवीस नंबर, कापलेला तुकडा टाकून दिला का गं?"

"नाही, सर. मी घरी नेला. वाडीत बांधलाय, पोपटांसाठी."

आमच्याकडे तशी पद्धतच होती. पेरू धरले की बाबा खराब कॅसेटींच्या पट्ट्या झाडावर ताणून बांधायचे. उन्हात त्या चमकतात, वाऱ्यात गुणगुणतात, पोपट बिचकतात. सरांनी विचारलं, "कुठल्या झाडाला?"

"विहिरीजवळच्या."

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सर सायकलवरून आमच्या वाडीत हजर. आई पानवेलींना पाणी देत होती. "या, मास्तर. काय काम काढलं?"

"काही नाही. पेरू कसे आहेत म्हटलं."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. पिशवीतून वही काढली, काहीतरी लिहिलं, वही ठेवली, निघाले. मग ते येतच राहिले. आठवड्यातून दोनदा तरी. आईची खात्री झाली की मास्तरांना पेरूची फार आवड आहे. ती दर वेळी पिशवी भरून द्यायची आणि ते निमूट घ्यायचे. पुढे कळलं की वाटेतल्या पोरांना वाटून टाकायचे. त्यांना दातांमुळे पेरू चालतच नसे.

एका वर्षी बाबा नवी चंदेरी फीत घेऊन आले. जुनी पट्टी काढणार, तोच सर कठड्यावरून उठले.

"राहू द्या हो ती. पोपट तिला ओळखतात."

"ओळखतात म्हणूनच तर काढतोय, मास्तर! घाबरत नाहीत आता मेले."

पण बाबांनी मास्तरांचा मान राखला. नवी फीत शेजारच्या झाडाला गेली. विहिरीजवळच्या झाडाचे पेरू त्यानंतर पोपटांनीच खाल्ले.

मी शिकले, नोकरीला लागले. माझ्या लग्नात चर्चच्या पायरीवर सर पुढे आले आणि नवऱ्यासमोर म्हणाले, "तेवीस नंबर?" मी म्हटलं, "हजर, सर." नवऱ्याला ते समजावून सांगायला आठवडा लागला. आम्ही गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला. सरांच्या गुडघ्यांनी सायकल सोडली, मग त्यांनी घराबाहेर पडणंही सोडलं. शेवटच्या वर्षात त्यांचा मला फोन यायचा. साधारण पाच वाजता, मी शाळेतून आलेली असायचे.

"काय तेवीस नंबर, वाडीत वारा आहे का आज?"

सुरुवातीला मी आईला फोन करून विचारायचे आणि सरांना कळवायचे. पुढे कंटाळा आला. म्हाताऱ्या माणसाला उकडत असेल, एवढंच वाटायचं. मी वह्या तपासता तपासता म्हणायचे, "हो सर, आहे."

"बरं, बरं," म्हणून ते लगेच फोन ठेवायचे.

सर गेले. चर्चमधल्या महिन्याच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर त्यांच्या भाचीने मला घरात बोलावलं आणि लाल वही हातात दिली. "तू इतिहास शिकवतेस. मामा म्हणाला होता, ही तेवीस नंबरला द्या."

मी पहिलं पान उघडलं. डावखुऱ्या, मागे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं: "१. बाबा. जहाजाचा कठडा, सैनिकांच्या मागे. बटाटे सोलतोय. डावखुरा."

भाचीने सांगितलं. सरांचे वडील जहाजावर स्वयंपाकी होते. लढाई चालू असताना गेले आणि परत आले नाहीत. जहाज बुडाल्याची बातमी नाही, पत्र नाही, घरात फोटोसुद्धा नाही. सर तेव्हा तीन वर्षांचे. चेहरा आठवत नव्हता. आई सांगायची तेवढं एकच माहीत होतं, की तुझा बा डाव्या हाताने सोलायचा. आणि कुवेतहून आलेल्या त्या कॅसेटमध्ये, सैनिकांच्या मागे, डाव्या हाताने बटाटे सोलणारा एक माणूस क्षणभर मान वर करून बघत होता. सरांनी त्याला इतक्या वेळा थांबवलं, की थांबवून थांबवूनच त्या जागी मुंग्या झाल्या.

समासात लिहिलं होतं: "हाच, अशी खात्री नाही. पण कोणाचा तरी असेलच."

मी पानं उलटत गेले. शुक्रवारमागून शुक्रवार, एक नंबर हजर. आमच्या निरोप समारंभाच्या दिवशी मात्र टिक नव्हती. तिथे लिहिलं होतं: "एक नंबरची बदली. विहिरीजवळचा पेरू. मुलांनी प्रेमाने केलं, त्यांना सांगू नये." त्यानंतर संध्याकाळच्या नोंदी. हजर. हजर. पट्टी गुणगुणली. वारा नाही, गैरहजर. हजर.

शेवटची पानं थरथरत्या अक्षरातली. प्रत्येक तारखेपुढे कंसात "तेवीस नंबरकडून", आणि पुढे हजर, हजर, हजर. एकही गैरहजेरी नाही. मला माहीत होतं, त्यातल्या बहुतेक दिवशी मी गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून ते बोलले होते. खिडकीसुद्धा उघडलेली नव्हती.

त्या रविवारी मी वही घेऊन वाडीत गेले. विहिरीजवळचं झाड आहे अजून. पट्टीवरचा तपकिरी रंग उडून गेलाय, आरपार दिसतं. आई म्हणाली, "मास्तरांसारखी काय बसलीस कठड्यावर? पेरू काढू का?" मी नको म्हटलं.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. मी वही उघडून ठेवली आणि थांबले.