जाऊबाईंचं अपडेट

"माह्या फोनले अपडेट आलं," असं अकोल्याहून जाऊबाई साधनाताईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा अमरावतीत चारुशीलाबाईंची पहिली पोळी तव्यावर होती. पहिली पोळी गाईची. तिच्यावर तव्याचा अंदाज येतो, करपली तर गाय तक्रार करत नाही, आणि वर पुण्यही पदरात पडतं. त्या दिवशी मात्र गाईच्या वाट्याला कोळसाच आला.

"केयूरनं पाठवलं काय?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"त्याच्याच कंपनीचा फोन हाय. दुसरं कोण पाठवीन? तुले नाई आलं?"

"येईन आज-उद्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

केयूर हा साधनाताईंचा मुलगा. पुण्यात एका कंपनीत फोनच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा. दिवाळीत त्यानं आईला आणि काकूला एकसारखे फोन दिले होते, रंगसुद्धा एकच, कारण दोन्ही घरं तो ओळखून होता. इंजिनीअरिंगची सगळी वर्षं तो काकूकडे राहिला. काकूला मूलबाळ नव्हतं. त्याच्या परीक्षेचे उपास तिनं धरले, कावीळ झाली तेव्हा उशाशी तीच बसली. तिच्या मते केयूर निम्मा तरी तिचा होता. आणि अपडेट ही घरच्या पोरानं आंब्याच्या पेटीसारखी मायेनं पाठवायची वस्तू असते, याबद्दल दोघी जावांचं कधी नव्हे ते एकमत होतं.

चारुशीलाबाईंनी फोनलाच विचारलं. 'तुमचा फोन अद्ययावत आहे,' असं त्यावर उमटलं.

"खोटं बोलून राह्यला," म्हणत त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. शेजारची नीलम म्हणाली, जागा नसली की अपडेट येत नाही. मग त्यांनी फोटो पुसायला घेतले. आधी जाऊ मधोमध होती ते, मग जाऊ कडेला होती ते, आणि हात बसल्यावर सरसकट. त्यात त्यांचे यजमान वसंतराव वकील यांनी बायकोच्या फोनवर काढून ठेवलेले दाव्याचे कागदही गेले.

"अवो, उद्या तारीख हाय माही. कागद कुठी गेले?"

"पुसले. जागा पाहिजे होती."

"कायले?"

"यायचं हाय काही."

"काय येणार हाय?"

"थेच तर तिनं सांगतलं नाई."

वसंतरावांनी कोर्टात कशीबशी पुढची तारीख मागून घेतली. इकडे बाईंनी जावेला फोन लावला. "ताई, काय काय नवीन हाय वो त्याच्यात?"

"लय काही हाय," साधनाताई म्हणाल्या. "असं सांगून समजत नाई. वापरूनच पाहा लागते."

यानंतर झोप कोणाला लागणार? केयूर रविवारी अकोल्याला येणार असल्याचं कळताच चारुशीलाबाईंनी काडीवर वळून वाळवलेल्या कणकेच्या सरगुंड्यांचा डबा भरला आणि वसंतरावांना एसटीत बसवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी तीनदा फोन उघडून अपडेट आलं का ते पाहिलं. वसंतरावांनी खिडकी धरून ठेवली.

अकोल्याला सरगुंडे शिजले, आमरस निघाला, ताटं मांडली. चारुशीलाबाई मात्र पातेल्यावर झाकण दाबून बसल्या.

"केयूर, मी तुले कधी परकं मानलं काय?"

"काय झालं काकू?"

"आईले अपडेट पाठवलं. मले नाई."

केयूर हसला, पण काकूचे डोळे भरलेले पाहून थांबला. त्यानं आईचा फोन उघडून दाखवला. "अवं, नवीन काहीच नाई याच्यात. फोन मधातच अटकत होता, थो आता अटकत नाई. बस, एवढंच."

चारुशीलाबाईंनी जावेकडे पाहिलं. साधनाताई पंख्याकडे पाहत होत्या.

"मले वाटलं, दिसंन हळूहळू," त्या पुटपुटल्या.

"नसू दे काही," चारुशीलाबाई म्हणाल्या. "पण नसलेलं तरी पयले तिले कावून?"

केयूरनं डोकं खाजवलं. "काकू, नवं अपडेट पयले थोड्याच फोनवर टाकून पाहा लागते. काही बिघडलं तर त्याहीच फोनचं बिघडते. मंग आमी दुरुस्त करून बाकीच्यांले देतो. घरचा एक फोन टाकाचा होता, मी आईचा टाकला. तुहा कसा टाकू? बंद पडला असता तर तू दिवसभर जेवली नसती."

चारुशीलाबाईंचा हात झाकणावरून आपोआप सुटला. इतक्या दिवसांचा जळफळाट एका घोटात गोड झाला.

"म्हणजे पयली पोळी," त्या सावकाश म्हणाल्या.

"गाईची," वसंतराव सवयीनं बोलून गेले आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला.

साधनाताईंचा चेहरा उतरला. "पोटचा पोरगा अन् मायचाच फोन बिघडवाले काढते? अन् काकूचा जपून ठेवते?" त्यांनी फोन केयूरपुढे लोटला. "काढ थे. मलेही सगळ्यांच्या मांगून पाहिजे."

"आता निघत नाई, आई."

चारुशीलाबाईंनी पदर खोचला आणि कधी नव्हे इतक्या आदरानं सरगुंडे-आमरसाचं पहिलं ताट जावेपुढे ठेवलं. "घ्या ताई. पयले तुमी."

साधनाताईंनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि ते हळूच वसंतरावांकडे सरकवलं.