हवालदारांच्या बाटल्या

आमच्या हवालदारांची सकाळ बाटलीनं सुरू व्हायची. गैरसमज नको. बाटली खोकल्याच्या औषधाची, धुऊन घेतलेली, आणि तीत डिझेल. लाँचच्या टाकीच्या तळाचा कॉक सोडून ते ती अर्धी भरायचे, उजेडाकडे धरायचे आणि पहिल्या उतारूच्या नाकासमोर न्यायचे. "खाली बघा. हाय का न्हाई?" वर डिझेल आणि बुडाशी बोटभर पाणी असायचं. उतारू बिचारा "हाय" म्हणायचा. मग हवालदार सगळ्या लाँचवरून नजर फिरवून विचारायचे, "पानी आलं कुठनं?"

या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत लाँच सुटत नसे, असं नाही. पण उशिरा सुटे.

हवालदार म्हणजे शेलार. फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. पेन्शनीत निघाल्यावर कोयनेच्या धरणाच्या पाण्यावर त्यांनी ही लाँच घातली, आणि अलीकडच्या धक्क्यापासून पलीकडच्या चार वाड्यांपर्यंत माणसं, शेळ्या, सिलिंडर आणि मी, अशी ने-आण करत. मी पलीकडच्या शाळेत मास्तर. मूळचा जतचा. आमच्याकडे टँकर येतो कधी, याची चौकशी करण्यात माणसाचा जन्म जातो. बदली होऊन इथं आलो, तर एक माणूस पाणी येतं कुठून या काळजीनं वाळत चाललेला. पहिल्या आठवड्यात मी तसं बोलून दाखवलं. हवालदार हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, जतात टँकर बंद पडला तर रस्त्यावर पडतो. माजी बोट बंद पडली तर खाली दोनशे फूट काय न्हाई."

ते खरंच होतं. डिझेलात पाणी गेलं की इंजिन दोनदा ठसकतं आणि गप्प होतं. त्या पावसाळ्यात तीनदा झालं. तिसऱ्यांदा वारा सुटलेला, लाँचमध्ये एक बाळंतीण, आणि हवालदार फिल्टर खोलून, पाइपातली हवा काढत तासभर इंजिनाशी झोंबत होते. धक्क्याला लागल्यावर सरपंच सगळ्यांदेखत म्हणाले, "हवालदार, आता एकदा जरी मधी बंद पडली, तर ही फेरी दुसऱ्याला. माझा विलाज न्हाई." हवालदारांनी फौजी सलाम ठोकला. मुलगा मुंबईत, जमीन धरणात गेलेली. त्या माणसाला लाँचखेरीज सकाळी उठण्याचं दुसरं कारण नव्हतं.

तेव्हापासून तपास जोरात सुरू झाला. धक्क्यालगतच्या त्यांच्या घराच्या खिडकीत बाटल्यांची ओळ लागली, आणि प्रत्येकीवर संशयिताचं नाव. 'पंपवाला'. 'जुना कॅन'. 'नवा कॅन'. 'धुकं'. एका बाटलीवर 'गुरुजींची छत्री' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. माझी छत्री मागच्या फळीवर, टाकीच्या तोंडाशी निथळते, असा त्यांचा आरोप होता. महिनाभर मी छत्रीसकट पुढं बसलो, भिजलो, मला ताप आला. बाटलीत पाणी होतंच. मी बरा होऊन आलो तेव्हा ते म्हणाले, "छत्री सुटली." माफीचं नाव नाही.

पंपवाल्याचं डिझेल त्यांनी दोन दिवस बरणीत ठेवून पाहिलं. निर्मळ निघालं. रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो म्हणून रोज संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून ठेवली. पाणी आलंच. टाकीच्या पितळी झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, तर सकाळी पिशवी सोडलेली.

"अगं, पिशवी कुणी सोडली?"

"मी," हौसामामी म्हणाल्या. त्या हवालदारांच्या बायको. "डोस्क्यावर पिशवी घालत्यात व्हय कुनी?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मामींचा आणि इंजिनाचा संबंध त्यांनी लाँच घेतल्याबरोबर तोडला होता. मामींनी एकदा नव्या लाँचच्या इंजिनाला हळदकुंकू लावलं, तेव्हा ते चाकूनं खरवडून हवालदार म्हणाले होते, "मशीनला देवधरम नगं. मशीनला ग्रीस." ही गोष्ट मामी सगळ्या वाडीला हसून सांगायच्या. हवालदारही ऐकत बसायचे, जणू त्यांना बक्षीसच मिळालं होतं.

मग एका सकाळी त्यांनी बाटली फक्त मला दाखवली, आणि प्रश्न विचारला नाही. बुडाचं पाणी तांबूस होतं.

"गंज असेल," मी म्हणालो.

"टाकी प्लॅस्टिकची हाय." त्यांनी थेंबभर पाणी बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. बोटाच्या रेषांत लाल रंग बसला. ते बोट त्यांनी धोतराला पुसलं नाही, तसंच धरून लाँच चालवली. त्या दिवशी लाँच वेळेवर सुटली, म्हणून उतारू आपापसांत कुजबुजले.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात साताऱ्याहून आणलेलं एक जुनं पितळी झाकण होतं, हुबेहूब टाकीच्या झाकणासारखं. "पेचकस धरा. आन कुनाला बोलायचं न्हाई." लाँचच्या पुढच्या टोकाला, नुसत्या फळीवर, त्यांनी ते झाकण स्क्रूनं घट्ट बसवलं. खाली टाकी नाही, पाइप नाही, भरीव लाकूड. मग मागचं खरं तोंड काढून बाकाखाली घेतलं. जुन्या झाकणाचं रबरी वायसर त्यांनी मला दाखवलं. ते चिरलं होतं.

"हे सापडलं," मी म्हणालो. "मग नवं वायसर घाला. हे पुढचं कशाला?"

हवालदारांनी शेवटचा स्क्रू पिळला. मग सांगू लागले. तांबूस पाणी दिसलं त्याच्या दुसऱ्या पहाटे ते धक्क्याजवळच्या आंब्याआड उभे राहिले होते. मामी तांब्या घेऊन आल्या. लाँचवर चढल्या, पितळी झाकणावर तांब्या ओतला, कुंकू लावलं, हात जोडले, आणि पदरानं सगळं पुसून घरी गेल्या. नवऱ्याला डाग दिसू नये म्हणून. लाँच घेतल्यापासून बारा वर्षं हेच चाललं असणार. वायसर धड होतं तोवर पाणी वरच्या वर निघून जात होतं.

"तिच्या माहेरचं गाव हितंच खाली हाय, गुरुजी. जनाईचं देऊळ बी. बोट रोज देवीच्या डोस्क्यावरनं जाती. बिनआंघुळीचं कसं जायाचं, म्हनून ती बोटीला आंघूळ घालती. आन आंघूळ डोस्क्यापासनंच घालायची ना."

"मामींना सांगा की. त्या ऐकतील."

"आईकंल. लगीच बंद करंल. मंग मी रोज पान्यात जायाचा, आन ती दिसभर दारात." त्यांनी झाकणावर हात फिरवला. "तिला सांगितलंय, कंपनीचा नवा नेम हाय, तोंड पुढं घ्याचं. देवाधरमावर मी काय बोललोच न्हाई. ती म्हनली, बरं केलं."

नंतर लाँच कधी बंद पडली नाही. सरपंचांनी फेरीचं नाव काढलं नाही. तरी हवालदार रोज बाटली भरत आणि स्वच्छ डिझेलाकडे बघून मोठ्यानं ओरडत, "पानी आलं कुठनं?" आम्ही म्हणायचो, हवालदार, न्हाई की पानी! मामी दारातून ऐकायच्या, त्यांना बरं वाटायचं. माणूस गप्प झाला असता तर त्यांना शंका आली असती.

दोन वर्षं अशी गेली. गेल्या श्रावणात मामींच्या छातीत दुखू लागलं. साताऱ्याला न्यायचं तर आधी पाणी ओलांडायचं. त्या माहेरच्या माणसांकडे पलीकडच्या वाडीला गेल्या होत्या, तिथूनच लाँचवर घेतलं. फळीवर घोंगडी घालून आडवं केलं. मी उशाशी होतो. हवालदार इंजिनापाशी, पाठ आमच्याकडे. निम्म्या पाण्यात मामींनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आज आंघूळ न्हाई घातली बोटीला."

जनाईची जागा आली होती. आणि ज्या माणसानं मधल्या पाण्यात इंजिन बंद पडू नये म्हणून निम्मं आयुष्य बाटल्यांत घातलं, त्यानं आपल्या हातानं इंजिन बंद केलं. मी ओरडलोच, "हवालदार, काय करताय? उशीर होईल!" त्यांनी ऐकलं नाही. तांब्या बुडवला, पुढं गेले, भरीव लाकडावरच्या त्या झाकणावर पाणी ओतलं. मामींच्या कपाळावरचं कुंकू बोटाला घेऊन झाकणाला लावलं आणि वाकून हात जोडले. मामी बघत होत्या. दोन मिनिटंही झाली नसतील. इंजिन एका फटक्यात चालू झालं.

मामी साताऱ्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारल्या. त्या दोन मिनिटांवरून मी हवालदारांवर मनातल्या मनात चिडलो होतो. डॉक्टर म्हणाले, त्यानं काही फरक पडला नसता. मला माझीच लाज वाटली.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो. खिडकीतली बाटल्यांची ओळ गेली होती. पंपवाला, धुकं, माझी छत्री, सगळे निर्दोष सुटले होते. देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, एकच बाटली उरली होती. तिच्यावर नाव नव्हतं. वर डिझेल, आणि बुडाशी बोटभर तांबूस पाणी.

मी ती हातात घ्यायला गेलो.

"हलवू नगा, गुरुजी," हवालदार म्हणाले. "तिच्या हातचं पानी हाय. वर डिझेल हाय, म्हनून आटत न्हाई."